नाशिकला घर घेताय? आधी हे करा

आम्ही सातपूरला भाड्याने राहायचो, दोघेही अंबडच्या कारखान्यांत कामाला. घर शोधताना जे शिकले ते सांगते.

आधी म्हाडाच्या नाशिक मंडळाच्या सोडतीवर नजर ठेवा. मोठ्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर प्रकल्प उभारणाऱ्याला २० टक्के घरं अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवावी लागतात. ती म्हाडाच्या सोडतीतून, प्रकल्प असेल तिथेच मिळतात, म्हणून पाथर्डी, आडगाव, म्हसरूळ अशा ठरावीक भागाचा आग्रह धरू नका. उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला आधीच काढून ठेवा. ऐनवेळी फार धावपळ होते.

पैशांचं म्हणाल तर, देशात कुठेही पक्कं घर नसेल आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९ लाखांच्या आत असेल, तर प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मधलं व्याज अनुदान बघा. घर ३५ लाखांपर्यंतचं आणि कर्ज २५ लाखांपर्यंतचं हवं. पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के अनुदान मिळतं, पाच वार्षिक हप्त्यांत जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. घर बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. मी तेच केलं.

बिल्डरच्या प्रकल्पाची महारेरा (बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी तपासल्याशिवाय टोकन, म्हणजे बुकिंगची आगाऊ रक्कम, देऊ नका. एका बिल्डरने आम्हाला भोगवटा प्रमाणपत्राऐवजी (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) नुसता नकाशाच दाखवला होता. टोकनचे पंचवीस हजार परत मिळवायला आठ महिने गेले.

आणि घर बघायला सकाळी सहाला जा. जिन्याखाली रिकामे हंडे दिसले की पाण्याचं कळतं.