नेम धरण्याआधी श्वास सोडायला शिका

१० मीटर एअर पिस्तुलात लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम साडेअकरा मिलिमीटरचं. छातीतली धडधड हाताच्या टोकाशी असलेल्या पिस्तुलाच्या साइटपर्यंत, म्हणजे नेम धरायच्या खाचेपर्यंत, पोचते, आणि दहाचा नेम आठात जातो. म्हणून फोंड्यात माझ्याकडे येणाऱ्या नेमबाज मुलांना मी आसनांच्या आधी श्वास सोडायला शिकवते.

पाठ ताठ ठेवून बसा. चार मोजेपर्यंत नाकाने श्वास घ्या, सहा मोजेपर्यंत सोडा. घाई नको, ओढाताण नको. दुसऱ्या हाताच्या मनगटावर बोटं ठेवून नाडी बघा: श्वास सोडताना ठोके मंदावतात. ते पहिल्यांदा कळलं की मुलं डोळे विस्फारतात, "टीचर, खरंच हळू झाली!" ठोके मंद करणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळ्यांना नेमबाजीत आणि तिरंदाजीत बंदी आहे, ही साधना मात्र हक्काची. रोज संध्याकाळी दहा मिनिटं द्याच.

मग ताडासन, पण रेंजवर उभे राहता तसे पाय ठेवून, अनवाणी. डोळे मिटा. शरीर किती डुलतं ते लगेच समजेल. डुलणं थांबवायला जाऊ नका, भार टाचेवर जातोय की चवड्यावर एवढंच टिपत राहा. वृक्षासन हवं तर करा, पण मला विचाराल तर हेच जास्त उपयोगी.

त्राटक, म्हणजे एकटक बघत राहणं, समईच्या ज्योतीवर, हातभर अंतरावरून. पंखा बंद हवा, म्हणून आपल्या गोव्याच्या उकाड्यात ते पहाटेच करावं. डोळ्यांत पाणी आलं की मिटा. काचबिंदू किंवा फिट्सचा त्रास असेल त्यांनी हे करू नये.

आता रेंजवर. हात वर नेताना श्वास घ्या, खाली लक्ष्यावर आणताना अर्धा सोडा आणि तिथे थांबा. सहा-आठ सेकंदांत ट्रिगर सुटला नाही तर हात खाली घ्या. मुलांना हेच सगळ्यात जड जातं. श्वास कोंडून धरतात, नजर धूसर होते, हात थरथरतो, तरी मारतात. ६० शॉट्सना ७५ मिनिटं असतात. हात खाली घ्यायला भरपूर वेळ आहे.

स्पर्धेच्या सकाळी कपालभाती, भस्त्रिका असे जोरजोराचे श्वास नकोच, ठोके वाढतात. रोजचा चार-सहाचा श्वास खुर्चीवर बसून घ्या, आणि शॉट वाईट गेला तर पिस्तूल टेबलावर ठेवून तसाच एक.