या चुका टाळा : हतनूरचा नियम गिरणेला लावू नका

तापीवरील हतनूर आणि गिरणा नदीवरील गिरणा ही दोन्ही धरणे खान्देशाची तहान भागवतात. परंतु पावसाळ्यात दोन्हींकडून सारख्याच वागणुकीची अपेक्षा ठेवणे, ही जलाशयांविषयीच्या चर्चेतील सर्वांत मोठी चूक आहे.

हतनूरचा उपयुक्त (वापरता येणारा) साठा सुमारे २५५ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे ९ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. चांगदेवजवळ पूर्णा तापीला मिळत असल्यामुळे मध्य प्रदेशातील सातपुड्याचे आणि पश्चिम विदर्भाचे पाणी याच जलाशयात एकत्र येते. एक लाख क्युसेकचा (सेकंदाला घनफूट) येवा, म्हणजे धरणात येणारा प्रवाह, दिवसभर टिकला, तर ८.६४ टीएमसी पाणी जमा होते; म्हणजे उपयुक्त साठा पूर्ण रिकामा असला, तरी धरण जेमतेम २५ तासांत भरते. म्हणून जुलैत दरवाजे उघडे दिसताच ‘पाणी वाया चालले’ अशी ओरड करणे योग्य नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीलाच पातळी पूर्ण संचयाला नेऊन ठेवली, तर पुढचा पूर सामावण्यास जागा उरत नाही आणि रावेर भागातील नदीकाठच्या गावांना फुगवट्याचा, म्हणजे धरणामागे चढणाऱ्या पाण्याचा, त्रास होतो. शिवाय पहिल्या पुरांचे पाणी गढूळ असते. ते अडवले की गाळ तळाशी बसतो, आणि हतनूरला गाळाचे दुखणे आधीच मोठे आहे.

गिरणेचे गणित नेमके उलटे आहे. तिचा उपयुक्त साठा सुमारे १८.५ टीएमसी, पण वरच्या बाजूला चणकापूर, पुनद, हरणबारी ही धरणे आधी भरतात आणि मगच पाणी मोकळेपणाने खाली येते. २०१९ मध्ये अनेक वर्षांच्या खंडानंतर गिरणा काठोकाठ भरले, तेव्हा चाळीसगाव, भडगाव, पाचोरा पट्ट्यात त्याचा किती आनंद झाला होता, हे आठवून पाहावे. अशा जलाशयात पुराच्या भीतीने ऑगस्टमध्ये जागा मोकळी ठेवणे म्हणजे रब्बीचे आवर्तन (सिंचनासाठी पाणी सोडण्याची पाळी) हातचे घालवणे होय. मात्र साठा ९० टक्क्यांच्या पुढे गेला, की वरची भरलेली धरणे पूर थोपवू शकत नाहीत, याचे भान ठेवून त्यांच्या विसर्गावर (सोडलेल्या पाण्यावर) तासातासाला लक्ष ठेवावे लागते.

आकडे वाचतानाही घोटाळे होतात. पातळी स्थिर आहे म्हणून नदी शांत आहे, असे समजू नये. येवा आणि विसर्ग सारखे असले, तर लाखभर क्युसेक वाहत असतानाही पातळी हलत नाही. विसर्ग घनमीटरमध्ये दिला आहे की क्युसेकमध्ये, हे आधी पाहावे, कारण सेकंदाला १ घनमीटर म्हणजे ३५.३ क्युसेक. साठ्याच्या टक्केवारीत मृत साठा (तळाचा, सहसा वापरता न येणारा) धरला आहे की नाही, हेही विचारावे.

खालच्या सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा बंधाऱ्यांनी हतनूरचा पूर अडवावा, ही अपेक्षा अस्थानी आहे. ते पावसाळ्याच्या अखेरीस दरवाजे टाकून पाणी साठवण्यासाठी आहेत. मोठा पूर त्यांच्यावरून थेट गुजरातमधील उकाई धरणाकडे जातो. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईच्या खालचे सुरत बुडाले, तेव्हापासून वरच्या विसर्गाची माहिती वेळेवर खाली पोचणे किती निकडीचे आहे, हे वेगळे सांगायला नको. दरवाजे टप्प्याटप्प्याने उघडण्यामागेही हेच कारण आहे : पात्रातल्या मोटारी आणि गुरे हलवायला लोकांना वेळ लागतो.

शेवटची चूक पाऊस थांबल्यावर होते. १५ ऑक्टोबरचा साठा पाहून सिंचनाचे वाटप ठरते, आणि धरण भरलेले असले की पिण्याच्या आरक्षणाकडे कुणी फारसे पाहत नाही. गिरणेतून उन्हाळ्यात नदीपात्रात सोडलेले पाणी आधी कोरड्या वाळूत मुरते, काठावरच्या मोटारी त्यातले काही उपसतात, आणि गावाच्या विहिरीपर्यंत पोचणारे पाणी सोडलेल्या पाण्यापेक्षा बरेच कमी असते. ही तूट ऑक्टोबरच्या हिशेबातच धरली, पुढच्या जुलैपर्यंतचे पाणी बाजूला काढले आणि मगच आवर्तनांची संख्या जाहीर केली, तर मे महिन्यात टँकरची मागणी करण्याची वेळ कमी गावांवर येते.