लाकडी वस्तूचं फिनिशिंग बिघडतंय? या चुका टाळा

वस्तू झकास बनते, जोड घट्ट बसतात, आणि शेवटी व्हार्निशचा हात फिरवला की कुठे डाग, कुठे रेघा, कुठे बुडबुडे. मग शिव्या व्हार्निशला. खरं तर निम्मं काम त्याच्या आधीच बिघडलेलं असतं.

सगळ्यात जास्त गोंधळ घासण्यात होतो. 80 नंबरच्या जाड्या पॉलिश पेपरवरून थेट 220 च्या बारीक पेपरवर उडी मारली तर 80 च्या खोल रेघा तशाच राहतात, नुसत्या लाकडावर दिसत नाहीत पण स्टेन (लाकडात मुरणारा रंग) लावला की त्यात रंग भरतो आणि मग लपवता येत नाहीत, म्हणून 80, 120, 180, 220 असंच जायचं आणि लाकडाच्या रेषांच्याच दिशेने घासायचं. टॉर्च तिरका धरून बघा, राहिलेली रेघ लगेच पकडली जाते. पाण्याचा रंग किंवा वॉटर-बेस्ड व्हार्निश लावणार असाल तर आधी ओलसर फडकं फिरवा, तंतू उभे राहतील, सुकल्यावर 220 ने हलकं घासा. ही पायरी गाळली की पहिल्या कोटनंतर वस्तू खरखरीत लागते.

स्टेननंतर जोडाजवळ फिकट डाग दिसतोय? तो बाहेर आलेला ग्लू. नुसता पुसला तरी पातळ थर राहतो आणि तिथे रंग मुरत नाही. स्टेनच्या आधी टर्पेंटाईनचा बोळा फिरवला तर हे डाग दिसतात, ते छिन्नीने खरवडून घासून काढा. कापलेली टोकं रंग जास्त पितात आणि काळपट होतात, ती आणखी बारीक पेपरने घासायची. पाईनवर स्टेन चट्ट्याचट्ट्याने बसतो, तिथे आधी पातळ केलेल्या सँडिंग सीलरचा (लाकडाची छिद्रं बुजवणारा पहिला थर) एक हात द्या.

नक्षी काढायची असेल तर मार्करची शाई वरून व्हार्निशचा ब्रश फिरवला की पसरू शकते, म्हणून त्याच लाकडाच्या तुकड्यावर आधी ट्रायल घ्याच. जाळून डिझाईन करायचं असेल तर ते कोऱ्या लाकडावरच, रंगावर किंवा व्हार्निशवर अजिबात नाही, धूर विषारी असतो.

व्हार्निशचा डबा हलवायचा नाही, ढवळायचा. हलवला की बुडबुडे. जाड एका कोटापेक्षा पातळ तीन कोट, मध्ये 320 ने हलकं घासून धूळ पुसून. चपड्याचं (लाखेचं) पॉलिश दमट हवेत पांढरट पडलं तर कोरड्या दिवशी स्पिरिटचा अगदी हलका हात द्या, बरेचदा जातं.

जवसाचं तेल लावलं आणि आठवडा झाला तरी चिकट? जादाचं तेल पुसलं नाही. 15-20 मिनिटांनी कोरड्या फडक्याने पुसायचंच, आता टर्पेंटाईनने पुसून बघा. आणि ती तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका हं, तेल सुकताना उष्णता तयार होते आणि ढिगाऱ्यात ती साठून फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. मोकळ्यावर एकेक पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.