पहिली ब्लॅक पावडर रिव्हॉल्व्हर घेताय? आधी फ्रेम बघा

ब्लॅक पावडर रिव्हॉल्व्हर म्हणजे जुन्या पद्धतीची, काळी दारू आणि गोळी सुटी भरून उडवायची; सुरुवात करताना सगळ्यांचा जीव कोल्ट १८५१ नेव्हीवर जातो, दिसतेच तशी देखणी, पण पहिलीच घेत असाल तर माझं मत रेमिंग्टन १८५८ला. तिच्या सिलेंडरवरून (गोळ्या भरायचा फिरता भाग) फ्रेमची, म्हणजे मुख्य सांगाड्याची, पट्टी जाते त्यामुळे ती मजबूत असते आणि साफ करायला सिलेंडर पटकन निघतो, कोल्टला मात्र आधी बॅरलची पाचर ठोकून काढावी लागते आणि फुटलेल्या कॅपचा (दारू पेटवणारी छोटी टोपी) तुकडा हॅमरखाली पडला की बसा उकरत.

पितळी फ्रेम स्वस्त पडते आणि चकाकते पण छान, पण जास्त पावडर भरून उडवत राहिलात तर हळूहळू ढिली होते, म्हणून थोडे जास्त पैसे गेले तरी स्टीलच घ्या. या जुन्या मॉडेलच्या प्रतिकृती बनवणाऱ्या इटलीच्या उबेर्ती आणि पिएट्टा या दोन्ही कंपन्यांच्या चालतील.

हातात घेतल्यावर हॅमर सावकाश मागे ओढा, सिलेंडर नीट लॉक होतोय का बघा, प्रत्येक घराला (गोळी बसते ते भोक). शिशाची गोळी दाबून बसवताना कडेने बारीक रिंग कापली गेली तर माप बरोबर.

आणि हो, आजची स्मोकलेस पावडर यात कधीच नाही, थेट स्फोट होईल! लायसन्सचे नियम आपापल्या देशातले आधी बघून घ्या. उडवून झाल्यावर त्याच दिवशी गरम पाण्याने धुऊन, वाळवून, तेल लावायचं, नाहीतर लगेच गंज धरतो.