हेडफोन आणायला निघण्याआधी

दुकानात जायच्या आधी दोन-तीन दिवस एवढंच करा: आपण गाणी नेमकी कुठे ऐकतो ते बघा. ‘सगळीकडेच’ हे उत्तर चालणार नाही. माझी भाची नोकरीसाठी कराडहून पुण्यात आली आणि पहिला पगार व्हायच्या आतच तिनं विचारलं, ‘मामा, दोन हजारांत चांगला हेडफोन कुठला?’ मी म्हटलं, ऐकणार कुठे ते सांग. तर म्हणे कुठेही. मग आम्ही तिच्या दिवसाचा हिशोब मांडला. आनंदनगरला मेट्रोत बसायचं, रामवाडीला उतरायचं, तिथून खराडीपर्यंत बस नाहीतर रिक्षा. रात्री फ्लॅटवर शेजारच्या कॉटवर मैत्रीण झोपलेली. म्हणजे ऐकणं दिवसाला जेमतेम दोन तास. त्यातलं बरंचसं गोंगाटात, आणि उरलेलं अशा खोलीत जिथे आवाज बाहेर गेला तर भांडण.

एवढं कळलं की निम्मा माल आपोआप बाद होतो. मागच्या बाजूला जाळी असलेले, उघड्या पाठीचे हेडफोन ऐकायला फार मोकळे आणि छान वाटतात, पण मेट्रोत ते घालणं म्हणजे खिडकी उघडी ठेवून एसी लावणं. कान पूर्ण झाकणारे मोठे हेडफोन बॅगेत जागा खातात, आणि एप्रिल-मे महिन्यात पुण्यात ते घालून स्टॉपवर दहा मिनिटं उभं राहून बघा, कानामागून धारा लागतात. कानावर नुसते टेकणारे छोटे हेडफोन चष्मेवाल्यांनी घेऊच नयेत. अर्ध्या तासात काडी कानशिलात रुतते. राहिले कानाच्या आत बसणारे इअरफोन. भाचीसाठी तेच.

तुमचा हिशोब वेगळा निघू शकतो. पहाटे तळजाई टेकडीवर चालायला जाणाऱ्याला मागून येणारी गाडी आणि पुढचं कुत्रं ऐकू यायला हवं. त्याला कान बुजवणारा इअरफोन नकोच, स्पंजची गादी असलेला हलका हेडफोन बरा. कॉस कंपनीचा पोर्टा प्रो हा त्या जातीचा जुना गडी. १९८४ साली आला आणि जवळपास त्याच रूपात आजही विकला जातो. दुचाकीवर मात्र काहीच नको, हेल्मेटच्या आत नाही आणि स्कार्फच्या आतही नाही.

आता फोन हातात घ्या आणि उलटासुलटा करून बघा. साडेतीन मिलिमीटरचं गोल भोक आहे का? ॲपलनं २०१६ साली आयफोन ७ मधून ते काढलं आणि मग बाकीच्यांनीही हळूहळू तीच वाट धरली. भोक नसेल तर टाइप-सी पिनचा इअरफोन घ्या किंवा मधे जोडायचा डोंगल घ्या. डोंगल दोन तऱ्हेचे असतात, आणि दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही. एकात डॅक नावाची चिप असते. ती फोनमधले आकडे घेऊन त्यांचा आवाज बनवते. दुसऱ्यात नुसती तार असते. तारवाला फक्त अशाच फोनवर चालतो जो स्वतःच आवाज तयार करून टाइप-सीतून बाहेर सोडतो. बाकीच्या फोनवर तो लावला तर मुकाट बसून राहतो. म्हणून ‘डॅकवाला द्या’ असंच मागायचं.

वायर की ब्लूटूथ, यावर माझं मत ठरलेलं आहे आणि ते कुणाला जुनाट वाटलं तरी हरकत नाही. बजेट दोन हजार आणि हवा आहे चांगला आवाज, तर वायर. ब्लूटूथच्या जोडीत त्याच दोन हजारांतून बॅटरी, चिप, अँटेना, चार्जिंगची डबी एवढं सगळं बसवायचं असतं. आवाजाच्या वाट्याला उरणार किती? शिवाय त्या शेंगदाण्याएवढ्या बॅटऱ्या दोन-तीन वर्षांत दम टाकतात आणि बहुतेक जोड्यांत त्या बदलताही येत नाहीत. तरी ब्लूटूथच हवं असेल तर डब्यावरच्या मोठ्या नावांना भुलण्याआधी आपला फोन काय पाठवतो ते बघा. एलडॅक, एएसी, एसबीसी ही ब्लूटूथवरून आवाज आटोपशीर करून पाठवायच्या पद्धतींची नावं. आयफोन एलडॅक पाठवतच नाही, तो एएसी किंवा एसबीसीवर चालतो. मग एलडॅकसाठी जादा पैसे कशाला? नॉइज कॅन्सलेशनचंही तसंच. इंजिनाची किंवा एसीची सलग घरघर ते कापतं, शेजारच्या काकांचं फोनवरचं बोलणं नाही.

पैशांची वाटणी घरीच करून ठेवा. दोन हजार म्हणजे इअरफोनला दोन हजार नव्हेत. त्यात डोंगल आला, इअरफोनच्या टोकाला लावायची जादा रबरं आली, ठेवायला छोटी डबी आली. भाचीच्या फोनला भोक नव्हतं, त्यामुळे इअरफोनसाठी हातात साडेबाराशे-तेराशेच उरले. तिचा चेहरा पडला. तेव्हा तिला एक गोष्ट सांगितली. येरून ब्रेबार्ट नावाच्या संशोधकानं २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजमापं एकत्र तपासली, आणि कुठला सूर किती उचलला जातो याचा किमतीशी काही संबंध आहे का ते पाहिलं. संबंध सापडला नाही. महागड्या वस्तूत बांधणी, आराम, दिसणं, नाव हे सगळं मिळत असेल. सुरांचा तोल मिळेलच असं नाही. गेल्या काही वर्षांत मूनड्रॉप, टँगझू, सेव्हनहर्ट्झ अशा चिनी कंपन्यांनी कमी पैशांत जे इअरफोन काढलेत ते ऐकले की हे पटतं. त्यात वायर निघणारी असेल तर आणखी बरं. वायर बहुतेक वेळा पिनेच्या मुळाशी तुटते, आणि मग दीड-दोनशेची वायर बदलली की काम झालं.

डब्यावरच्या आकड्यांवर फार वेळ घालवू नका. ‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ जवळपास प्रत्येक डब्यावर असतं. माणसाच्या कानाचा पल्लाच तेवढा धरतात. त्यावरून आवाजाबद्दल काही कळत नाही. बघायचंच तर ओहम, म्हणजे विजेला होणारा अडथळा, तेवढा बघा. १६ ते ३२ च्या घरातला इअरफोन साधा फोन सहज वाजवतो. दीडशे, अडीचशे ओहमचं धूड कुणी स्वस्तात देत असेल तर ते फोनवर पुटपुटेल.

सगळ्यात महत्त्वाची तयारी म्हणजे गाणी. दुकानदाराच्या गाण्यावर हेडफोन कधीही घेऊ नका. तो ढणढण बेसचं काहीतरी मोठ्यानं लावतो, आणि कानाची खोड अशी की दोन वस्तूंत जी जरा मोठी वाजते तीच चांगली वाटते. म्हणून स्वतःची पाच गाणी फोनमध्ये उतरवून न्या, ॲपमधल्या सर्वात वरच्या क्वालिटीत, आणि फोनमधलं डॉल्बी, इक्वलायझर, ‘बेस बूस्ट’ सगळं बंद करा. गाणी आवडती हवीत असं नाही, पाठ हवीत.

माझ्या पाचांत पहिला असतो नुसता तानपुरा. गायक सुरू व्हायच्या आधीची ती मिनिटभराची छेड. चांगल्या इअरफोनमध्ये तारेची जवारी सुटी ऐकू येते: षड्ज लागतो, आणि त्याच्या अंगातून बारीक, चमकदार असे सूर एकामागून एक उलगडत जातात. वाईट इअरफोनमध्ये नुसता गुं-गुं गोळा होतो, किंवा उलट पत्र्यासारखी चरचर. दुसरा तबला. बायाँवर, म्हणजे डग्ग्यावर, मनगट दाबून काढलेला घुमारा वर सरकतो, ती सरक ऐकू आली पाहिजे. ‘धप्प’ एवढंच आलं तर त्यात बेस भरपूर आहे पण बायाँ नाही. तिसरं एखादं जुनं, स्टीरिओच्या आधीचं मोनो ध्वनिमुद्रण. जुनी नाट्यगीतं यासाठी झकास. मोनोत डाव्या-उजव्या बाजूला हुबेहूब एकच आवाज जातो, म्हणून गाणारा बरोबर डोक्याच्या मध्यावर उभा राहायला हवा. तो डाव्या कानाकडे झुकला तर दोन बाजू सारख्या नाहीत, तो नग बाजूला ठेवा. चौथं भरगच्च वाद्यमेळाचं सिनेमातलं गाणं, आणि पाचवं म्हणजे गाणं नव्हेच, कुणीतरी बोललेलं. ‘स’ आणि ‘श’ कानाला टोचतात का ते बोलण्यात चटकन कळतं. सवाई गंधर्व महोत्सवात, जो भीमसेन जोशींनी १९५३ साली सुरू केला, मांडवात बसून ऐकलेला तानपुरा कानात असेल तर तुमच्याकडे मोजपट्टी आधीच आहे.

सर्दी असेल तर मात्र जाऊ नका. खरंच सांगतो. दडे बसलेल्या कानानं निवड केली आणि आठवड्यानं सगळं वेगळंच ऐकू आलं, हे मी केलेलं आहे.

पुण्यातल्या तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाणार असाल तर गाडी घरी ठेवा. मंडई मेट्रो स्टेशनवर उतरून चालत जाता येतं. खिशात सॅनिटायझरची छोटी बाटली आणि स्वच्छ रुमाल असू द्या, कारण दाखवायचा इअरफोन तुमच्याआधी किती कानांत जाऊन आलाय कोण जाणे. तिथे वस्तूपेक्षा रबरांना जास्त वेळ द्या. लहान-मध्यम-मोठं अशी तीन मापं डब्यात असतात आणि लोक लावून आलेलं मधलंच वापरत राहतात. दुसऱ्या हातानं कानाची पाळी वर आणि जरा मागे ओढा, मग इअरफोन आत सरकवा आणि पाळी सोडा. तोंड मिटून ‘ऊं’ म्हणा. स्वतःचा आवाज माठात तोंड घालून बोलल्यासारखा घुमला तर फट राहिलेली नाही. फट राहिली की पहिला बळी जातो बेसचा, आणि माणूस म्हणतो इअरफोन फालतू आहे. भाचीनं एक इअरफोन असाच नाकारला होता. रबर बदललं आणि तोच बायाँ बोलायला लागला. तिच्या डाव्या कानाला मधलं माप लागलं, उजव्याला लहान. दोन्ही कान सारखे असतात असं कुणी सांगितलं?

तुलना करताना दोन्हींचा आवाज कानानं सारखा करून घ्या, आणि हळू ऐका. हळू आवाजातही जो भरलेला वाटतो तो आपला.

आता बिल. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून मी नामांकित कंपनीचा म्हणून इअरफोन साडेतीनशेला उचलला, बिल न घेता. तिसऱ्या आठवड्यात डावी बाजू गेली. परत गेलो तर दुकानदार म्हणाला, ‘साहेब, गॅरंटी नाही म्हणून बोललो होतो ना.’ बोलला असेलही. घरी येऊन डबा नीट पाहिला तर कंपनीच्या नावात एक अक्षर जास्त होतं. तेव्हा डब्यावरचं नाव, आयातदाराचा पत्ता, छापील किंमत वाचा, आणि तारखेचं, मॉडेल लिहिलेलं पक्कं बिल घ्या. ऑनलाइन घेत असाल तर ‘परत घेणार’ की ‘फक्त बदलून देणार’ ते आधी बघा. कानात घालायची वस्तू सील फोडल्यावर बरेचजण परत घेत नाहीत.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी डावं-उजवं, माइक आणि वायर हलवून खरखर तपासा, मुदत संपायच्या आत. ‘शंभर तास वाजवल्यावर आवाज खुलतो’ असं कुणी सांगेल. बहुतेक वेळा खुलतो तो आपला कान, त्याला सवय होते. आवाजाची मर्यादाही त्याच दिवशी फोनमध्ये लावून टाका. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा, की ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालेल, पण ९० वर गेलात तर चारच तास. गोंगाटात फट असलेला इअरफोन घातला की माणूस नकळत तिथवर जातोच. नीट बसणाऱ्या रबराचा खरा फायदा हाच.

आम्ही शेवटी बाराशे साठला एक घेतला, काळा, निघणाऱ्या वायरचा, आणि परतीची चाचणी भुयारातच करायची ठरवली. मंडईला गाडीत चढलो. तिनं वायर कानामागून वळवून घेतली (असं केलं की वायरीचा कपड्याला घासून होणारा आवाज कमी येतो), तानपुरा लावला आणि फोन मला दाखवला. आवाजाची पट्टी निम्म्याच्या खाली होती. कसबा पेठ गेलं. ती डोळे मिटून बसलेली. सिव्हिल कोर्टची घोषणा झाली, दारं उघडली, आमच्या डब्यातली निम्मी माणसं गाडी बदलायला उतरली, आणि ही जागची हलेना. शेवटी कोपरानं ढोसलं. ‘काय झालं मामा?’ ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की दारातली दोन माणसं वळून बघायला लागली.