ताठरतेची तक्रार डॉक्टरांना कशी सांगावी

संबंधाच्या वेळी ताठरता येत नाही, ही तक्रार डॉक्टरांपुढे मांडायची म्हटले की ‘लाजू नका, मोकळेपणाने बोला’ असा सल्ला सगळीकडून मिळतो. तो निरुपयोगी आहे. सांगून लाज जात नाही, आणि ती जाण्याची वाट पाहणारा माणूस वर्षानुवर्षे वाटच पाहत राहतो. लाज वाटत असतानाही हे काम होते. मात्र कोणत्या क्षणी नेमके काय बोलायचे, ते घरूनच ठरवून जावे लागते. मी स्वतः मधुमेही आहे. हे बोलणे मी निरनिराळ्या डॉक्टरांपुढे केले आहे, आणि रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी काहींच्या सोबतीलाही जाऊन बसलो आहे.

डॉक्टर निवडण्यात फार दिवस घालवू नयेत. साखर किंवा रक्तदाब ज्यांच्याकडे दाखवता त्याच फिजिशियनकडे आधी जावे, आणि पुढे गरज पडली तर ते मूत्ररोगतज्ज्ञांकडे पाठवतात. ओळखीचे कोणी भेटायला नको म्हणून कोल्हापूर सोडून मिरज गाठणारेही पुष्कळ आहेत. त्यात गैर काही नाही, पण जुनी फाइल घरी ठेवून तिकडे जाणे धोक्याचे आहे, कारण तुमची हृदयाची गोळी त्या नव्या डॉक्टरांना ठाऊक नसते. भिंतींवरच्या ‘गुप्तरोग’वाल्या जाहिरातींबद्दल एवढेच सांगतो की लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातीला १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, जो कायदा मोडून तुम्हाला बोलावतो, त्याच्या पुडीत काय असेल याचा विचार करावा.

तयारी म्हणजे चालू गोळ्यांच्या स्ट्रिप्स पिशवीत टाकणे आणि त्रास कधीपासून आहे ते आठवून ठेवणे.

खरी अडचण दवाखान्याच्या दारात सुरू होते. केस पेपर काढणारी मुलगी काउंटरवरून, मागच्या दहा माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात, “काय त्रास होतोय?” असे विचारते. तिला खरे सांगण्याची गरज नाही आणि खोटे सांगण्याचीही नाही. “डॉक्टरांशीच बोलायचं आहे” एवढे पुरते. आत गेल्यावर दुसरा अडथळा असतो. आपल्याकडे बऱ्याच दवाखान्यांत पुढचे दोन नंबर आधीच आत बोलावून बाकावर बसवलेले असतात, आणि त्यांतला एखादा तुमच्या गल्लीतलाच निघतो. अशा वेळी बसण्यापूर्वी, उभ्यानेच म्हणावे, “डॉक्टर, जरा एकट्यानं बोलायचं होतं, यांना दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगता का?” हे मागायला मलाही जड गेले होते, पण असे मागितल्यावर नकार दिलेला डॉक्टर माझ्या पाहण्यात नाही.

त्यानंतर बोलायचे पहिले वाक्य हेच या सगळ्यातले अवघड काम आहे. डॉक्टर “काय म्हणताय?” असे विचारतात आणि माणूस “जरा अशक्तपणा वाटतोय” असे म्हणून मोकळा होतो. अशक्तपणा म्हटल्यावर हिमोग्लोबिन तपासले जाते, बी-कॉम्प्लेक्स आणि टॉनिक लिहून मिळते, आणि खरी तक्रार तशीच घरी परत येते. काही जण साखरेबद्दल बोलून घेतात, रक्तदाब मोजून घेतात आणि निघताना दारावर हात ठेवून हळूच विषय काढतात; तोवर पुढचा नंबर पुकारलेला असतो. म्हणून खुर्चीत बसताच, रक्तदाबाचा पट्टा दंडाला बांधण्याआधी, असे म्हणावे: “आठ महिन्यांपासून संबंधाच्या वेळी ताठरता येत नाही, आली तरी टिकत नाही.” महिने तुमचे तुम्ही घालावेत. तोंडातून शब्द फुटणारच नसतील तर हेच वाक्य कागदावर लिहून फाइलीबरोबर पुढे सरकवावे. डॉक्टर बाई असल्या तरी वाक्य तेच राहते. ‘मित्राला त्रास आहे’ हा प्रकार मात्र करू नये. मित्राचा रक्तदाब कोणालाच मोजता येत नाही.

“वयोमानानं होतंच” असे सांगून विषय मिटवणारेही भेटतात. मलाही एक भेटले होते. तिथे उठू नये. लिंगातल्या रोहिण्या साधारण १ ते २ मिलिमीटर रुंदीच्या असतात, हृदयाच्या ३ ते ४. रोहिण्या आतून खराब होऊ लागल्या की अरुंद जागी त्रास आधी दिसतो, आणि छातीतले दुखणे कित्येकदा काही वर्षांनी येते. म्हणून “हृदयाच्या दृष्टीनं काही तपासायला हवं का?” असे सरळ विचारावे. या प्रश्नावर बहुतेक डॉक्टर पुन्हा पेन उचलतात.

पुढे प्रश्न येतात ते असे: त्रास अचानक सुरू झाला की हळूहळू, पहाटे झोपेतून उठताना ताठरता येते का, इच्छा कमी झाली आहे का. पहाटे ती नीट येत असेल तर कारण बहुधा मनाच्या ताणाकडे झुकते, त्यामुळे उत्तर अंदाजाने देऊ नये. वीर्य लवकर पडणे ही निराळी तक्रार आहे, ती निराळीच सांगावी. तंबाखूची पुडी आणि दारू यांचा खरा हिशेब द्यावा. अंग कमावण्यासाठी जिममध्ये इंजेक्शने घेतली असतील तर तेही सांगावे, कारण बाहेरून घेतलेल्या स्टेरॉइडने शरीराचे स्वतःचे टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, घटते. पैलवानकीचा अभिमान असलेल्या घरात हे कबूल करणे कठीण जाते याची मला कल्पना आहे, पण केबिनमध्ये घरचे कोणी नसते.

एक गोष्ट न विचारता सांगायचीच: छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी तुम्ही घेता का. ताठरतेसाठी दिली जाणारी सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिलची गोळी तिच्याबरोबर पोटात गेली तर रक्तदाब एकदम कोसळतो आणि जीव जाऊ शकतो. मेडिकलवाल्याला डोळ्यांनी खुणावून ताठरतेची गोळी घेणाऱ्यांवर माझा राग आहे तो यासाठीच. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू असेल तर तेही सांगावे.

तपासण्या साध्या असतात: साखर, लिपिड म्हणजे रक्तातली चरबी, आणि गरजेप्रमाणे टेस्टोस्टेरॉन, जे सकाळीच तपासतात.

गोळी मिळाली तर ती कशी घ्यायची ते विचारल्याशिवाय उठू नये. सिल्डेनाफिल साधारण तासभर आधी घेतात, आणि तेलकट जेवणावर ती उशिरा लागू पडते. तांबडा-पांढरा आणि मटणाचे ताट संपवून वर गोळी घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी ती निकामी असल्याची तक्रार करतो. शिवाय इच्छा आणि स्पर्श नसेल तर गोळी आपोआप काही करत नाही. ताठरता चार तासांहून अधिक राहिली तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. गोळी घेतल्यावर छातीत दुखले तर तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांना गोळीचे नाव आणि वेळ आधी सांगावी.

एका प्रयत्नावर निकाल लावू नये. नीट पद्धतीने पाच-सहा वेळा घेऊनही उपयोग झाला नाही तर त्याच डॉक्टरांकडे परत जावे. या दुसऱ्या भेटीला, पत्नीची तयारी असेल तर, तिला सोबत न्यावे. मात्रा बदलणे, व्हॅक्यूम पंप, लिंगात घ्यायचे इंजेक्शन आणि शेवटी शस्त्रक्रियेने बसवायचे रोपण असे पुढचे उपाय आहेत, आणि ते पहिल्या भेटीत सहसा कोणी सांगत नाही.