फॅशन मर्चंडायझिंग शिकताय? मग या चुका टाळा

बारावीचा निकाल लागला की मेसेज यायला लागतात, ताई, मुलीला कपड्यांची भयंकर आवड आहे, फॅशन मर्चंडायझिंगला घालू का. घाला की, पण या कामात दिवसातला बराचसा वेळ कपड्यांपेक्षा एक्सेलसमोर जातो हे आधी तिला सांगा. कुठल्या दुकानात कुठल्या साइजचे किती पीस कधी पोचवायचे आणि नाही खपले तर त्यांचं काय करायचं, मुख्य काम एवढंच. हे माहीत नसताना अ‍ॅडमिशन घेतली की पुढच्या बऱ्याच चुका आपोआप होतात.

कोर्स घेतानाच पहिली गडबड होते. मर्चंडायझर नावाने तीन वेगळ्या नोकऱ्या मिळतात. तिरुपूर, नोएडा किंवा बेंगळुरूच्या एक्स्पोर्ट हाउसमधला मर्चंडायझर परदेशी बायरची ऑर्डर सांभाळतो, म्हणजे सॅम्पल, लॅब डिप (रंग जुळतो का ते बघायला रंगवलेला कापडाचा तुकडा), शिपमेंटच्या तारखा आणि फॅक्टरीच्या मागे लागणं. व्हिज्युअल मर्चंडायझर विंडो आणि डिस्प्ले बघतो. आणि रिटेलवाला, ज्याच्याबद्दल आपण बोलतोय, तो माल ठरवतो, वाटतो आणि खपवतो. कॉलेजच्या ब्रोशरमध्ये "शंभर टक्के प्लेसमेंट" असतं त्यात कधीकधी शोरूममधली सेल्सची नोकरीसुद्धा धरलेली असते, म्हणून मागच्या बॅचची मुलं कुठल्या पदावर लागली हे सरळ विचारा आणि उत्तर गोलगोल आलं तर समजून जा. दुसरं म्हणजे बारावीनंतर लगेच लाखोंची फी भरून प्रायव्हेट डिप्लोमा केलाच पाहिजे असंही नाही, निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेचा दोन वर्षांचा मास्टर ऑफ फॅशन मॅनेजमेंट कुठल्याही शाखेच्या ग्रॅज्युएटला करता येतो, आणि मुंबईचा कॅम्पस खारघरलाच आहे. आधी बीकॉम करून इकडे आलं तर काही बिघडत नाही, उलट आकड्यांची भीती गेलेली असते.

आकड्यांवरून आठवलं, इंटरव्ह्यूत सगळ्यात जास्त मुलं इथेच आपटतात. साधा प्रश्न, कुर्तीची एमआरपी ९९९, खरेदी जीएसटी सोडून ४५०, मार्जिन किती? पोरं पटकन ९९९ मधून ४५० वजा करतात आणि ५५ टक्के सांगून मोकळी. अरे पण एमआरपीत टॅक्स आलेला असतो ना! २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्याच्या वर १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे ९९९ मधले दुकानाच्या हातात येतात साधारण ९५१ (९९९ भागिले १.०५), त्यातून ४५० गेले की राहिले ५०१, म्हणजे ९५१ च्या हिशोबाने मार्जिन ५२.७ टक्के. हेच ५०१ खरेदीच्या हिशोबाने काढले तर १११ टक्के होतात, त्याला मार्कअप म्हणायचं, आणि मार्कअपच्या जागी मार्जिन लिहिलं की पूर्ण प्लॅन चुकतो. आता यावर ३० टक्के सेल लावून बघा. कुर्ती ६९९ ला गेली, टॅक्स काढून ६६६, खरेदी वजा जाता २१६, मार्जिन एकदम ३२ टक्क्यांवर. डिस्काउंट ३० चा दिला पण एका पीसमागची कमाई निम्म्याहून कमी झाली, आणि दुकानाचं भाडं, पगार, लाइटबिल यातूनच जायचंय. असं गणित पाच-सहा वेगळ्या किंमतींवर हाताने सोडवा, मग एक्सेलमध्ये घाला.

दुसरी मोठी चूक म्हणजे अमेरिकन पुस्तकातलं कॅलेंडर जसंच्या तसं पाठ करणं. ब्लॅक फ्रायडे पाठ असतो, पण अधिक महिना माहीत नसतो! २०२५ ला लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, २०२६ ला ते ८ नोव्हेंबरला. आता २०२६ च्या ऑक्टोबरची विक्री २०२५ च्या ऑक्टोबरशी लावून बघितली तर धंदा बसलाय असंच वाटणार आणि कोणीतरी घाबरून माल मार्कडाउनला, म्हणजे किंमत उतरवून विकायला काढणार, खरं तर गिऱ्हाईक अजून खरेदीला निघालेलंच नाही. २०२६ लाच १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे ऐन लग्नसराईत महिनाभर लग्नंच नाहीत, भरजरी कुर्ते-लेहंग्यांचा प्लॅन त्याप्रमाणे आधीच हलवायला लागतो. प्लॅनिंग शीटशेजारी एक कालनिर्णय ठेवा, चेष्टा नाही करत. आणि तुलना तारखेशी करू नका, दिवाळीच्या आधीचे चार आठवडे गेल्या दिवाळीच्या आधीच्या चार आठवड्यांशी लावा.

कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये नेहमी दिसणारं वाक्य, "सेल-थ्रू कमी आहे, म्हणजे डिझाइन आवडलं नाही." सेल-थ्रू म्हणजे आलेल्या मालापैकी किती टक्के खपला. पण थांबा जरा. १०० पीस गेले होते, ५८ विकले, उरलेले ४२ कुठल्या साइजचे ते बघितलं का? एम आणि एल पहिल्याच आठवड्यात संपले आणि रॅकवर नुसते एस आणि डबल एक्सएल लटकतायत, तर डिझाइन झकास चाललंय, साइजचा सेट तुटलाय. मग माल बॅकरूममध्येच पडून होता का, दोन स्टोअरमध्ये उलटसुलट गेला का, किंमत शेजारच्या रॅकपेक्षा जास्त होती का, हे सगळं तपासून शेवटी रंग-डिझाइनवर या.

पोर्टफोलिओबद्दल थोडक्यात, चित्रं-कापडं चिकटवलेल्या वीस मूडबोर्डांपेक्षा एक नीट बनवलेली सीझनची बाय शीट, म्हणजे कुठला माल कुठल्या साइजचा किती घ्यायचा याचा तक्ता, भारी पडते.

सुट्टीत स्टोअरवर काम करायला लाजणारी मुलं खूप आहेत, आणि मला हे कधीच कळलं नाही. ट्रायल रूमबाहेर चार शनिवार-रविवार उभं राहिलात की लोक कपडा परत का ठेवतात ते दिसतं, ते कारण कुठल्याच रिपोर्टमध्ये येत नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्यांनी गांधीनगरचं होलसेल मार्केट आणि इचलकरंजीचे माग बघून यावेत, सोलापूरवाल्यांनी युनिफॉर्मचे कारखाने.

आणि शेवटचं सेमिस्टर आलंय, एक्सेल येत नाही, इंटर्नशिप चुकून एक्स्पोर्ट हाउसमध्ये झाली, आता काय? एक्सेलमधलं पिव्होट टेबल (मोठ्या यादीचा सारांश काढणं) आणि व्हीलुकअप (एका यादीतली माहिती दुसरीत शोधून आणणं) महिनाभरात जमतं, रोज तासभर द्या. एक्स्पोर्टचा अनुभवही वाया जात नाही, कापडाचा भाव आणि माल यायला किती दिवस लागतात हे तुम्हाला कळलेलं असतं, ते सीव्हीत पहिल्या ओळीत लिहा आणि बायिंग (माल निवडून घेणं) किंवा सोर्सिंगच्या (माल बनवणारे शोधणं) पदांना अर्ज करा, प्लॅनिंगला (किती माल कुठे हे ठरवणं) नंतर सरकता येतं. मोठ्या ब्रँडची हेड ऑफिसं मुंबई आणि बेंगळुरूकडे जास्त आहेत, तेव्हा घरच्यांशी गाव सोडायचं बोलणं आताच करून घ्या, ऑफर लेटर हातात आल्यावर नको.